पिन टाकण्याआधी एक ओळ दाखवा: एनपीसीआय आणि रिझर्व्ह बँकेला खुले पत्र

प्रति,
नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशन ऑफ इंडिया (एनपीसीआय), वांद्रे-कुर्ला संकुल, मुंबई
आणि
भारतीय रिझर्व्ह बँक, मुंबई

विषय: यूपीआयवरून खरेदी करणाऱ्यांच्या पैशाला आणि फोन नंबरला संरक्षण मिळण्याबाबत

महोदय,

सहलीच्या खर्चातला आपला वाटा मैत्रिणीला देणारी बाई आणि कधी न पाहिलेल्या दुकानातून साडी मागवणारी बाई, या दोघींसमोर यूपीआयची स्क्रीन सारखीच उघडते. नाव, रक्कम, पिन, हिरवी टिक. पहिलीचा व्यवहार तिथे संपतो. दुसरीचा तिथे जेमतेम सुरू होतो, कारण साडी अजून यायची आहे. हा फरक पिन टाकण्याआधी ग्राहकाला दिसला पाहिजे, ही यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयकडे आणि बँकांचे नियम करणाऱ्या रिझर्व्ह बँकेकडे माझी मुख्य मागणी. बाकीचं पत्र ती का करते आहे ते सांगण्यासाठी.

मी ठाण्यात पाचपाखाडीत छोट्या विक्रेत्यांचे हिशेब लिहिते. बँक स्टेटमेंट जुळवणं, जीएसटीचे रिटर्न भरणं, कोणाकडून किती येणं आहे त्याची यादी ठेवणं. नौपाड्यातली काही दुकानं माझ्याकडे आहेत, पण बहुतेक जणी घरातून विकणाऱ्या. कुणी दिवाळीचा फराळ करते, कुणी खणाचे ब्लाउज शिवते, कुणी घोडबंदर रोडच्या फ्लॅटमधून ऑक्सिडाइज्डचे दागिने विकते. त्यामुळे पैसे देणाऱ्याची रड आणि घेणाऱ्याची रड, दोन्ही माझ्या टेबलावर येतात.

यूपीआयला नावं ठेवायला हे पत्र लिहीत नाही. २०१६ मध्ये सुरू झालेल्या या सोयीने गावदेवी मंडईतली सुट्ट्या पैशांची वादावादी संपवली, हे मी रोज बघते. २०२५ च्या ऑगस्टमध्ये एका महिन्यातले व्यवहार २,००० कोटींच्या पुढे गेले, ते उगाच नाही. पण मंडईत कोथिंबिरीची जुडी आधी पिशवीत पडते आणि मग फोन निघतो. जुडी सडकी निघाली तर भाजीवाली उद्याही तिथेच बसलेली असते. समोरासमोरच्या बाजाराला चपखल बसलेली ही पद्धत आपण न दिसणाऱ्या बाजारात जशीच्या तशी नेली, आणि तिथे माल आधी की पैसे आधी हा जुना प्रश्न पुन्हा उभा राहिला. तिथे उत्तर ठरलेलं असतं: पैसे आधी.

आमच्या सोसायटीतल्या एका सूनबाईंचं उदाहरण सांगते, कारण ते इतकं नेहमीचं आहे की त्यात नवल असं काहीच नाही. सोशल मीडियावर साड्यांचं एक पान, रोज नवे व्हिडिओ, भरपूर फॉलोअर. खाली अटी: फुल पेमेंट आधी, सीओडी नाही, नो रिटर्न नो एक्स्चेंज, अनबॉक्सिंग व्हिडिओ नसेल तर तक्रार ऐकली जाणार नाही. या शेवटच्या अटीचं मला भारी कौतुक वाटतं. पैसे ग्राहकाने आधी द्यायचे, आणि आपण चोर नाही हे पार्सलची चिकटपट्टी कापताना कॅमेऱ्यासमोर सिद्धही त्यानेच करायचं! असो. तिने नंबर टाकला, स्क्रीनवर एका पुरुषाचं नाव आलं. विचारल्यावर उत्तर आलं, "मिस्टरांचं खातं आहे ताई." तिने चार हजारांच्या आसपास रक्कम पाठवली. कुरिअरचा जो नंबर मिळाला तो कुठल्याच कुरिअरचा नव्हता. पुढच्या आठवड्यात तिला ब्लॉक केलं गेलं.

लोक म्हणतात, नाव वेगळं दिसलं तेव्हाच सावध व्हायला हवं होतं. हे म्हणणं सोपं आहे. माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या प्रामाणिक बायका हेच वाक्य बोलतात, आणि खरं बोलतात. खातं नवऱ्याचं, सासूबाईंचं, कधी कॉलेजातल्या मुलाचं. ३० जून २०२५ पर्यंत सगळ्या ॲप्सनी बँकेत नोंदलेलंच नाव दाखवायचं असा नियम तुम्ही केलात, आणि चांगलं केलंत, कारण त्याआधी कोणीही स्वतःला काहीही नाव देत होतं. पण घरगुती व्यवसायात दुकानाचं नाव एक आणि खात्याचं दुसरं असणं हाच रिवाज आहे. म्हणजे खरं नाव दिसूनही ग्राहकाला त्यातून काही कळत नाही. ठग आणि सज्जन दोघेही सारखेच दिसतात.

ती बँकेत गेली. काउंटरवर एकच प्रश्न आला: "पिन तुम्हीच टाकलात ना?" बँकेचं नाव मी इथे घेत नाही, कारण दुसऱ्या कुठल्याही बँकेने हेच विचारलं असतं, आणि नियमाप्रमाणे ते बरोबरही आहे. रिझर्व्ह बँकेचं ६ जुलै २०१७ चं परिपत्रक मी माझ्या विक्रेत्यांना अनेकदा वाचून दाखवलं आहे. खात्यातून तुमच्या संमतीशिवाय, त्रयस्थ माणसाच्या कारवाईने पैसे गेले आणि तीन कामकाजी दिवसांत कळवलंत, तर तुमची जबाबदारी शून्य. चार ते सात दिवसांत कळवलंत तर मर्यादित. बँकेने दहा कामकाजी दिवसांत रक्कम तात्पुरती जमा करायची, नव्वद दिवसांत प्रकरण निकाली काढायचं, आणि चूक ग्राहकाची होती हे सिद्ध करण्याचं ओझं बँकेवर. उत्तम परिपत्रक आहे. पण ते सगळं संमतीशिवाय झालेल्या व्यवहाराबद्दल आहे. स्वतः पिन टाकून फसलेला माणूस त्यात कुठेच बसत नाही.

तसंच २० सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकाचं. खात्यातून पैसे वजा झाले पण समोरच्याला पोचले नाहीत, तर ठरलेल्या मुदतीनंतर बँकेने दिवसाला १०० रुपये भरपाई द्यायची. माझ्या कामातल्या एका दुकानदाराला ती खरोखर मिळाली आहे. म्हणजे यंत्र चुकलं तर कोण किती भरणार हे तुम्ही रुपयात लिहून ठेवलं आहे. यंत्र बरोबर चाललं आणि माणसाने फसवलं, तर मात्र १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा, सायबर पोलिसांत जा. फोन लगेच केला तर पैसे पुढच्या खात्यात अडवले जाऊ शकतात, हे मी सगळ्यांना सांगत असते. पण साडी आली नाही हे कळायलाच आठवडा जातो. तोवर पैसे कुठल्या कुठे गेलेले असतात.

लोकपालाकडे जाण्याचा सल्लाही मिळतो. बँकेने तीस दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा उत्तर पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते, हे खरं. पण लोकपाल बँकेच्या सेवेतली त्रुटी तपासतो. नियमाप्रमाणे वागलेल्या बँकेत तो त्रुटी कशी काढणार?

आता यातली मला सर्वात खटकणारी गोष्ट. याच सूनबाईंनी हेच पैसे क्रेडिट कार्डाने दिले असते, तर माल न मिळाल्याबद्दल चार्जबॅकचा, म्हणजे बँकेमार्फत पैसे परत मागण्याचा, अर्ज करता आला असता. तेवढंच नाही, याच यूपीआयवर नोंदणीकृत व्यापाऱ्याच्या खात्यावर दिले असते, तरीही वस्तू किंवा सेवा मिळाली नाही अशी तक्रार घ्यायला तुमच्या वाद-निवारण व्यवस्थेत जागा आहे. व्यक्ती ते व्यक्ती व्यवहारात ती नाही. तेच ॲप, तीच बँक, तीच रक्कम, तीच साडी. कुठल्या प्रकारच्या खात्यावर बोट पडलं, एवढ्यावर ग्राहकाचा हक्क ठरला आणि त्याचा तिला पत्ताही नव्हता. नोकरी करणाऱ्या, शिकलेल्या, पैशाच्या बाबतीत काटेकोर बायकांना मी विचारून पाहिलं आहे. हा फरक कोणालाच माहीत नव्हता. मला तो माहीत आहे, कारण माझं पोट त्यावर आहे.

परदेशात पेपालवर पैसे पाठवताना मित्र-नातेवाइकांना देता आहात की वस्तू-सेवेसाठी, असं आधी निवडावं लागतं. खरेदीचं संरक्षण फक्त दुसऱ्या प्रकाराला. तिथेही लबाड विक्रेते "फॅमिली म्हणून पाठवा" सांगतातच. पण तसं सांगितलं की निदान ग्राहकाच्या डोक्यात घंटा वाजते. आपल्याकडे ती वाजायला काही कारणच नाही.

म्हणून पहिली मागणी अगदी स्वस्तातली आहे. समोरचं खातं वैयक्तिक असेल, पैसे पहिल्यांदाच जात असतील आणि तो नंबर फोनच्या यादीत नसेल, तेव्हा पिनच्या आधी मोठ्या अक्षरांत, ॲपच्या भाषेत नाही तर ग्राहकाने निवडलेल्या भाषेत, एवढंच लिहा: "हे व्यक्तीचं खातं आहे. खरेदीसाठी पैसे देत असाल तर माल न मिळाल्याची तक्रार इथे घेतली जाणार नाही." तुम्ही एक परिपत्रक काढलंत की देशभरच्या ॲप्सची स्क्रीन बदलते, हे आम्ही पाहिलं आहे. १ ऑक्टोबर २०२५ पासून वैयक्तिक खात्यांमधली पैसे मागण्याची रिक्वेस्ट तुम्ही बंद केलीत. "पैसे येणार आहेत, पिन टाका" म्हणून लुटण्याचा तो रस्ता होता, आणि तो बंद झाला. मग एक ओळ वाढवणं अवघड नसावं.

पण ही ओळ एकटीच आली तर माझ्याकडे येणाऱ्या प्रामाणिक बायकांचा धंदा बसेल, हेही मला दिसतं. त्यामुळे त्या व्यापारी क्यूआर का घेत नाहीत, ते तुमच्यापर्यंत पोचायला हवं.

पहिलं कारण भीती. २०२५ च्या जुलैत कर्नाटकातल्या छोट्या विक्रेत्यांना यूपीआयच्या जमा रकमांवरून जीएसटीच्या नोटिसा गेल्या आणि बंगळुरूमध्ये दुकानांवर "यूपीआय नाही, रोख द्या" अशा पाट्या लागल्या. ती बातमी ठाण्यातल्या प्रत्येक विक्रेत्या बाईच्या व्हॉट्सॲपवर आली. त्यानंतर माझा फोन दिवसभर वाजत होता. मालाच्या विक्रीला महाराष्ट्रात वार्षिक ४० लाखांपर्यंत नोंदणी लागत नाही, चकल्या विकून तुझे ४० लाख होत नाहीत ग बाई, असं कितीही समजावलं तरी मनातली धाकधूक जात नाही. (राज्याबाहेर माल पाठवायचा तर नियम वेगळे, आणि ते समजावताना माझा घसा बसतो.) वैयक्तिक नंबर सरकारला दिसत नाही आणि व्यापारी क्यूआर दिसतो, असा त्यांचा समज आहे. तो चुकीचा आहे. बँकेतली नोंद दोन्हीकडे होते. पण चुकीचा समजही बाजार चालवतो.

दुसरं कारण खातं गोठण्याचं. कुठल्यातरी ठगाने लुटलेल्या पैशातून एखाद्या दुकानात खरेदी केली की तपासात त्या दुकानाच्या खात्यावरही लीन, म्हणजे पैसे काढण्यावर बंदी, लागते. माझ्याकडच्या एका ब्लाउजवालीच्या खात्यावर अशीच लागली. आलेली रक्कम काही शेकड्यांची, पण ते मिटेपर्यंत बिचारीने बँकेत आणि पोलिसांत हेलपाटे घातले, आणि कापडवाल्याचे पैसे थकले ते वेगळेच. तिला ते पैसे देणारा कोण, हे तिलाही माहीत नव्हतं. म्हणून आता बायका खाती बदलत राहतात: या महिन्यात मिस्टरांचं, पुढच्या महिन्यात दिरांचं. बाहेरून पाहणाऱ्याला हे फसवेगिरीचं लक्षण वाटेल. आतून ती नुसती घाबरलेल्या माणसाची पळापळ आहे. वादातली रक्कम तेवढी अडवा, अख्खं खातं नको, एवढं बँकांना आणि तपास यंत्रणांना रिझर्व्ह बँकेने ठणकावून सांगितलं, तरी अर्ध्या जणी व्यापारी खात्यावर येतील. भाड्याने दिलेली खाती हुडकण्यासाठी रिझर्व्ह बँकेच्या इनोव्हेशन हबने म्यूलहंटर नावाचं साधन केलं आहे. त्या जाळ्यात चकलीवाली सापडू नये, ही माझी काळजी.

तिसरं कारण नुसता आळस आणि कागदपत्रं. त्यावर जास्त लिहीत नाही. छोट्या विक्रेत्यांसाठी तुम्ही व्यक्ती आणि व्यापारी यांच्या मधला एक वर्ग ठेवलेलाच आहे, तो त्यांना कोणी समजावून सांगितलेला नाही एवढंच.

आता दुसऱ्या मागणीकडे येते, आणि ती आंब्यावरून सांगते. पाडव्याच्या सुमारास ठाण्यातल्या आणि नवी मुंबईतल्या जवळपास प्रत्येक सोसायटीच्या ग्रुपवर "देवगड हापूस, थेट बागेतून" असा मेसेज फिरतो. पेटीचे पैसे आधी द्यायचे, आठवड्याने टेम्पो गेटवर येतो. वाशीच्या मार्केटमधूनही आंबा मिळतो, पण बागायतदाराच्या मुलाकडून घेण्यात एक समाधान असतं. बागायतदारालाही आगाऊ पैसे हवेत, कारण तोडणी, खोके, गाडीभाडं सगळं रोखीत. म्हणजे इथे दोन्ही बाजू खऱ्या आहेत. ग्राहकाला वाटतं टेम्पो आलाच नाही तर? बागायतदाराला वाटतं पेट्या भरून निघालो आणि गेटवर चार जणांनी "आता नको" म्हटलं तर?

याचं उत्तर तुमच्याच कपाटात आहे. शेअर बाजारात आयपीओसाठी, म्हणजे कंपनीच्या पहिल्या शेअर विक्रीसाठी, अर्ज करणारा छोटा गुंतवणूकदार १ जानेवारी २०१९ पासून यूपीआयने पैसे अडवून ठेवतो. रक्कम त्याच्याच खात्यात राहते, त्यावर व्याजही त्यालाच मिळतं. फक्त ती दुसरीकडे खर्च करता येत नाही. शेअर मिळाले तर वळती होते, नाही मिळाले तर मोकळी होते. पुढे ७ डिसेंबर २०२२ च्या पतधोरणात रिझर्व्ह बँकेने हीच सोय आणखी वाढवण्याची घोषणा केली. एकदा रक्कम अडवायची आणि गरजेप्रमाणे हप्त्याहप्त्याने वळती करायची. त्या निवेदनात हॉटेल बुकिंगच्या जोडीला ई-कॉमर्सचाही उल्लेख होता, आणि माल किंवा सेवा प्रत्यक्ष मिळेपर्यंत पैसे ग्राहकाच्या खात्यातच राहतील, विक्रेत्यालाही वसुलीची खात्री राहील, त्यातून विश्वास वाढेल, असा त्याचा आशय होता. मला हवं ते यापेक्षा चांगल्या शब्दांत मीही लिहू शकले नसते. ठाण्यातल्या साडीवालीपर्यंत आणि आंबेवाल्यापर्यंत ते आलेलं नाही, इतकीच तक्रार.

चीनमध्ये अलीपे या पेमेंट सेवेची सुरुवातच अशी झाली. २००३-०४ च्या सुमारास ताओबाओ या ऑनलाइन बाजारात अनोळखी माणसं एकमेकांना माल विकायला लागली, तेव्हा ग्राहकाने माल मिळाला असं कळवेपर्यंत पैसे मध्ये थांबवून ठेवणं हेच तिचं काम होतं. आपल्याकडे पैसे पोचवण्याचा वेग आधी आला. थांबवण्याची सोय मागून येते आहे, आणि तीही आधी मोठ्यांच्या दारी.

यात अडचणी आहेत. हापूस कापल्याशिवाय आत साका (खराब झालेला गर) आहे की नाही कळत नाही, आणि कापायला पेटी आल्यापासून चार-पाच दिवस जातात. तोवर बागायतदाराचे पैसे अडवून ठेवायचे का? माझं मत, नाही. गुणवत्तेचा वाद यूपीआयवर टाकू नका. साका निघाला तर तो पुढच्या पेटीत भरून देणारा बागायतदार आणि फोन न उचलणारा बागायतदार यांतला फरक गिऱ्हाईक एका हंगामात ओळखतं. पेमेंटच्या यंत्रणेने फक्त एका प्रश्नाचं उत्तर द्यावं: माल पोचला की नाही. पेटी देताना बागायतदाराने ग्राहकाकडून चार आकडी कोड घ्यायचा, कोड जुळला की पैसे वळते. घरी पार्सल देणारी मुलं आजही असा कोड विचारतातच. ठरलेल्या मुदतीत कोड आला नाही तर पैसे आपोआप मोकळे. खोक्यात साडीऐवजी जुनं चादरीचं फडकं निघालं तर? तर तक्रार करायची, आणि निदान तेव्हा समोर कोण आहे हे माहीत असेल.

इथे खर्चाचा मुद्दा येईल, आणि तो खरा आहे. १ जानेवारी २०२० पासून बँक खात्यातून होणाऱ्या यूपीआय व्यवहारांवर व्यापाऱ्याकडून शुल्क घेतलं जात नाही. सरकार छोट्या व्यापाऱ्यांच्या २,००० रुपयांपर्यंतच्या व्यवहारांसाठी बँकांना प्रोत्साहन रक्कम देतं, तेवढंच. कार्डावर चार्जबॅक चालतो, कारण त्या साखळीत प्रत्येक जण काही ना काही कमावतो आणि त्यातून तक्रार ऐकणाऱ्याचा पगार निघतो. फुकटच्या व्यवहारात तो कुठून निघणार? त्यामुळे मी असं म्हणते, आणि माझ्या क्षेत्रातल्या अनेकांना हे आवडणार नाही: पैसे अडवून ठेवण्याची सोय फुकट नसली तरी चालेल. मंडईतला व्यवहार फुकटच राहू द्या. पण चार हजारांची साडी अनोळखी पानावरून मागवताना कोणी विचारलं, पाच रुपये जास्त देऊन पैसे सुरक्षित ठेवायचे का, तर मी देईन. मला वाटतं बहुतेक जण देतील. न देणाऱ्याने निदान जाणून-बुजून जोखीम घेतलेली असेल.

ब्रिटनचं उदाहरण काही जण देतात. तिथे ७ ऑक्टोबर २०२४ पासून फसवून स्वतःच्या हाताने पाठवायला लावलेले पैसे ८५,००० पौंडांपर्यंत परत द्यावे लागतात, आणि तो भार पाठवणारी आणि घेणारी संस्था निम्मा निम्मा उचलतात. आपल्याकडच्या व्यवहारांची संख्या बघता हे उद्या करा असं मी म्हणणार नाही. पण घेणाऱ्या बँकेच्या खिशाला थोडी तरी झळ बसावी हे तत्त्व मला पटतं. ठगाचं खातं कोणीतरी, कुठल्यातरी शाखेत, कागद बघून उघडून दिलेलं असतं. आज त्या शाखेला काहीच फरक पडत नाही.

आता खासगीपणा. हा विषय मी शेवटी घेते आहे, पण बायकांकडून तो मी सर्वात आधी ऐकते.

साडी आली नाही तेव्हा सूनबाईंना ग्राहक आयोगात जायचं होतं. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यामुळे ग्राहक जिथे राहतो तिथल्याच जिल्हा आयोगात तक्रार करता येते. म्हणजे ठाण्यातली तक्रार ठाण्यात, विक्रेता कुठल्याही गावचा असो. पण तक्रारीत विरुद्ध पक्षाचं नाव आणि पत्ता लिहावा लागतो. तिच्याकडे होता एक बंद फोन नंबर. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे ऑनलाइन धंदा करणाऱ्याने नाव-पत्ता द्यायला हवा. पण चॅटवर चालणाऱ्या दुकानाला हे विचारणार कोण? बँकेकडे खातेदाराचा पत्ता असतो, पण बँक तो ग्राहकाला देणार नाही, आणि तसा देऊही नये. उलट विक्रेत्याकडे मात्र तिचं काय काय होतं बघा: पूर्ण नाव, घरचा पत्ता, मोबाइल नंबर, बँकेचं नाव, खात्याचे शेवटचे आकडे, यूपीआय आयडी. हे सगळं तिने स्वतः पाठवलं होतं, कारण "पेमेंट झालं की स्क्रीनशॉट टाका" हा नियमच आहे. ज्याने फसवलं तो झाकलेला आणि जी फसली ती उघडी.

आणि हे फक्त ठगांपुरतं नाही. चांगले विक्रेतेही ग्राहकांच्या पेमेंटचे स्क्रीनशॉट आपल्या पानावर लावतात, "बघा, आमच्यावर किती लोक विश्वास ठेवतात" म्हणून. त्यात नावं दिसतात, आयडी दिसतो, आणि तो आयडी म्हणजे अनेकदा चक्क फोन नंबर. एका मुलीला अशा स्क्रीनशॉटवरून नंबर उचलून कोणीतरी महिनाभर मेसेज करत होतं. विश्वासाने दिलेली वैयक्तिक माहिती तिसऱ्याला उघड करणं २०१९ च्या कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा म्हणून मोडतं, हे मी माझ्याकडच्या सगळ्या विक्रेत्यांना बजावलं आहे. काहींनी पोस्ट काढल्या. काही म्हणाल्या, "ताई, पण मग नवीन गिऱ्हाईक विश्वास कशावर ठेवणार?" या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. ते तुमच्याकडे आहे. पडताळणी केलेलं दुकान, पूर्ण झालेल्या ऑर्डरी, असं काही ॲपच दाखवायला लागलं, तर दुसऱ्याच्या स्क्रीनशॉटवर आपली पत उभी करायची वेळ त्यांच्यावर येणार नाही.

कार्डाच्या बाबतीत रिझर्व्ह बँकेने हे काम केलेलं आहे. १ ऑक्टोबर २०२२ पासून दुकानदाराला कार्डाचा नंबर साठवून ठेवता येत नाही. त्याजागी टोकन, म्हणजे खऱ्या नंबरऐवजी वापरायचा बदली क्रमांक, आलं. कार्ड हरवलं तर बँक नवीन देते. फोन नंबर मात्र आधारला, गॅसला, मुलांच्या शाळेला, सगळीकडे जोडलेला असतो, तो कोण बदलणार? तरी खरेदीच्या वेळी तोच अनोळखी माणसाच्या हातात जातो. नंबर न दाखवणारा यूपीआय आयडी आजही बनवता येतो, पण तो शोधायला सेटिंगच्या आत आत शिरावं लागतं, आणि ॲपने सुरुवातीला स्वतःहून दिलेला आयडी अनेकदा नंबरचाच असतो. खरेदीच्या व्यवहारात देणाऱ्याचा आयडी झाकलेला जावा, विक्रेत्याला फक्त ऑर्डरचा क्रमांक आणि पैसे आले एवढं दिसावं. मग स्क्रीनशॉट मागायची गरजही उरत नाही.

विक्रेत्याचा पत्ता पानावर जाहीर करा असं मात्र मी म्हणत नाही. एकटी राहून घरातून दागिने विकणाऱ्या बाईचा पत्ता जगाला कशाला हवा? तो पडताळून तुमच्या व्यवस्थेत राहू द्या. ग्राहक आयोगाने किंवा पोलिसांनी मागितला की तेव्हा निघावा. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ मध्ये झाला, त्याचे नियम २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये आले आणि ते टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. ॲप्सना तसंही आपलं घर झाडून घ्यावं लागणार आहे. त्याच झाडलोटीत एवढं होऊन जाईल.

पैसे अडवून ठेवण्याची सोय छोट्यांपर्यंत आणायला वेळ लागेल, आयडी झाकायलाही लागेल, हे मी समजते. स्क्रीनवरच्या त्या एका ओळीला लागू नये. फराळाच्या ऑर्डरी गणपती विसर्जनानंतर सुरू होतात, आणि ऑनलाइन मागवणाऱ्यांची गर्दी तेव्हापासून दिवाळीपर्यंत असते. ती गर्दी सुरू होण्याआधी ती ओळ यावी.

बाकीच्या दोन गोष्टींची चाचणी कुठे करायची असा प्रश्न पडला, तर ठाण्यात करा. माझ्याकडच्या काही जणी व्यापारी खातं घ्यायला आणि माल पोचल्यावरच पैसे घ्यायला तयार आहेत. खातं सरसकट गोठणार नाही एवढं लेखी आश्वासन त्यांना हवं आहे. त्यांना बसवून शिकवायचं काम मी करीन. तुमच्या माणसाने मराठीत बोलणारा एक फोन नंबर तेवढा द्यावा, आणि तो उचलावा.

आपली,
छोट्या विक्रेत्यांची एक हिशेबनीस,
पाचपाखाडी, ठाणे (पश्चिम)